हवा कुठून घ्यायची?

महिंद्रा थार घरी आली तेव्हा प्रत्येकाने आपापला सल्ला दिला. कुणी मोठे टायर सुचवले, कुणी विंच, कुणी पुढचा लोखंडी बंपर. एका बाबतीत मात्र बहुतेकांचं एकमत होतं : कंपनीचा एअर फिल्टर काढ आणि बाहेरचा बसव. कागदी फिल्टरने इंजिनाचा गळा आवळला जातो, बाहेरचा तेलकट जाळीचा फिल्टर लावला की गाडी मोकळी पळते, पिकअप वाढतो, आवाजही भारदस्त येतो, असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यात इगतपुरी-भंडारदऱ्याकडे गाड्या घेऊन जाणारे तर सांगायचे, आधी स्नॉर्कल, म्हणजे छतापर्यंत नेलेला हवेचा पाइप बसव, बाकी सगळं नंतर.

मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग करते. गाडी मला हौसेसाठी लागते, तशी कामासाठीही लागते. उन्हाळ्यात बागेकडे जाणाऱ्या पाणंदीत घोटाभर फुफाटा असतो. पावसाळ्यात सवड मिळाली की आम्ही काही जण इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला चिखलवाटांवर गाड्या घालतो. धूळ आणि पाणी, इंजिनाच्या हवेचे हे दोन्ही शत्रू माझ्या वाट्याला येतात. त्यामुळे या निर्णयाची मी घाई केली नाही. वाचलं, मिस्त्रींना विचारलं, इतरांच्या गाड्यांचे फिल्टरचे डबे उघडून पाहिले आणि मगच ठरवलं. ऑफ-रोडच्या नादाला नव्याने लागलेली मुलंमुली हाच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

थारच्या आधी आमच्याकडे वडिलांची महिंद्रा एमएम ५४० होती. तिच्या एअर क्लीनरमध्ये कागद नव्हताच, तो ऑइल बाथचा होता. हवा वरून आत यायची, तळाच्या वाटीतल्या ऑइलवर आपटायची आणि एकदम उलटी वर वळायची. जड धूळ त्या वळणावर ऑइलमध्ये पडायची, उरलेली वरच्या तारेच्या ओल्या जाळीत अडकायची. मे महिन्यात तो क्लीनर धुणं हे माझं ठरलेलं काम. क्लिपा उघडून वाटी खाली घ्यायची. वरचं काळपट ऑइल जुन्या डब्यात ओतलं की तळाशी गाळाचा थर दिसायचा. बोटाच्या पेराएवढा जाड, चिकट, लाकडी पट्टीने खरवडल्याशिवाय न सुटणारा. जाळी रॉकेलमध्ये खळबळून वाळवायची, वाटी पुसून खुणेपर्यंत नवं ऑइल भरायचं. खरवडलेला गाळ वडील मुद्दाम वर्तमानपत्रावर काढून ठेवायला लावायचे. ‘हे सगळं इंजिनात गेलं असतं,’ एवढंच म्हणायचे.

एअर फिल्टरचं काम काय, हे मी तिथे शिकले. इंजिनाला हवा कमी पडू न देता धूळ बाहेर ठेवणं, एवढंच ते काम आहे. ऑइल बाथलाही मर्यादा होत्या. इंजिन संथ चालत असलं की हवेचा वेग कमी पडतो आणि बारीक धूळ ऑइलमध्ये न पडता निसटते. गाडी खूप कलली की ऑइल एका बाजूला जातं. पुढे घड्या घातलेल्या कागदाचा सुका फिल्टर आला आणि गाड्यांमधून ऑइल बाथ मागे पडला. आमच्या ट्रॅक्टरला आजही बॉनेटच्या वर उंच मान काढलेला प्री-क्लीनर आहे. त्याच्या पारदर्शक वाटीत गरगर फिरून बाहेर फेकली गेलेली माती साठते. नांगरट करताना ती वाटी किती लवकर भरते, हे ज्याने पाहिलं आहे, त्याला धुळीबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

आता थोडा हिशेब. माझ्या थारचं डिझेल इंजिन सुमारे २.२ लिटरचं आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा ओढतं. म्हणजे २००० आरपीएमला मिनिटाला साधारण २२०० लिटर हवा, आणि हे टर्बोचा दाब न धरता. तासाला ही हवा १३० घनमीटरच्या पुढे जाते. भरल्या फुफाट्यात ताफ्यात तिसऱ्या-चौथ्या नंबरला गाडी चालवताना ही सगळी हवा धुळीची असते. रेतीतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्सच्या मापावर ७ आहे. हाताला पिठूळ लागणाऱ्या आपल्या मातीतही खनिजांचे असे टणक, कोनदार कण असतात. डोळ्याला दिसणारे मोठे कण कुठल्याही फिल्टरमध्ये अडकतात. इंजिन खातात ते केसाच्या जाडीहून कितीतरी लहान असलेले, काही मायक्रॉनचे कण. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ पापुद्रा असतो, त्यात ते शिरतात आणि दोन्ही बाजू घासत राहतात. वाटेत टर्बोच्या पात्यांनाही सोडत नाहीत, कारण ती पाती मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या मारत असतात. एका दिवसात काही कळत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांनी गाडी ऑइल प्यायला लागते, ऑइल भरायचं झाकण उघडलं की वाफा येतात, चढाला ओढ कमी पडते. मग मिस्त्री म्हणतात, इंजिन कामाला आलं.

कागदी आणि तेलकट जाळीच्या फिल्टरमधला फरक इथे कळतो. बाहेरच्या फिल्टरमध्ये सुती कापडाचे थर तारेच्या जाळीत बसवून त्यावर खास तेल मारलेलं असतं. छिद्रं मोठी, म्हणून हवा सहज जाते, आणि धूळ पकडण्याचं काम बरंचसं त्या तेलावर असतं. धुऊन पुन्हा वापरता येतो, ही त्याची जमेची बाजू. पण टक्केवारीचा खेळ नीट समजून घ्यायला हवा. एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के, असं समजा. ऐकताना दोन टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो. पण शंभर ग्रॅम धुळीतली पहिल्यातून एक ग्रॅम आत गेली, तर दुसऱ्यातून तीन. इंजिनाला भोगावा लागतो तो आत गेलेल्या धुळीचा हिशेब, आणि तो तिप्पट झालेला असतो.

एका एप्रिलमध्ये आम्ही येवला-नांदगावकडच्या माळावर, सुक्या ओढ्यांच्या पात्रांतून गाड्या फिरवल्या होत्या. संध्याकाळी ढाब्यावर थांबलो तेव्हा दोन गाड्यांचे डबे उघडले. एक माझी, कंपनीच्या कागदी फिल्टरची. दुसरी एका मित्राची, तेलकट जाळीच्या फिल्टरची. त्याने तो वेळेवर धुऊन, नव्याने तेल मारून बसवला होता, हयगय अजिबात नव्हती. फिल्टर बाजूला काढून आम्ही इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात, म्हणजे जिथे धूळ असताच कामा नये त्या बाजूला, पांढरा रुमाल फिरवला. माझ्या गाडीतून तो जवळपास जसाच्या तसा बाहेर आला. त्याच्या गाडीतून आला तेव्हा त्यावर करडा पट्टा होता. तो दोन बोटांत चोळला तर बारीक कचकच लागत होती. मित्र काही बोलला नाही. त्याने घरी गेल्यावर जुना कागदी फिल्टर शोधून काढला आणि पुढच्या खेपेला तोच लावून आला.

एका रुमालावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच विकणाऱ्याला आकडे विचारायला हवेत. एअर फिल्टर तपासण्यासाठी आयएसओ ५०११ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ठरावीक प्रकारची धूळ ठरावीक प्रवाहाने फिल्टरवर सोडतात आणि तीन गोष्टी मोजतात : किती टक्के धूळ अडली, हवेला किती अडथळा झाला आणि फिल्टर भरेपर्यंत त्याने एकूण किती धूळ पोटात घेतली. जाहिरातीत बहुधा यातली मधली एकच गोष्ट ठळक छापतात : हवा किती मोकळी जाते. उरलेले दोन आकडे मिळाले नाहीत तर तो फिल्टर धुळीच्या रस्त्यावर वापरणाऱ्याने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोकळ्या हवेने ताकद वाढते का, हाही प्रश्न आहेच. आजच्या टर्बो डिझेलमध्ये ताकद ठरते ती ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, किती डिझेल फवारतो त्यावर. हवा तर टर्बो दाबून भरतोच, आणि डिझेल इंजिन एरवीही गरजेपेक्षा जास्त हवेवर चालतं. माझ्या थारच्या डिझेल इंजिनाची ताकद १३० अश्वशक्ती आणि टॉर्क ३०० न्यूटन-मीटर. फिल्टर चांगल्या स्थितीत असताना त्याच्यामुळे यातलं फारसं काही अडत नाही. त्यामुळे नुसता फिल्टर बदलून लो-फोरमध्ये, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हच्या संथ गिअरमध्ये, दगड चढताना काही जास्त मिळेल, ही आशा सोडून द्यावी. ऑफ-रोडला आपण ताशी दहा-पंधराच्या वेगाने, कमी आरपीएमवर चालतो. फिल्टरमधून जास्तीत जास्त हवा जाण्याची वेळ तिथे येतच नाही. फरक पडतो तो आवाजात. उघड्या फिल्टरमधून टर्बोची शिट्टी मोठी ऐकू येते आणि गाडी जोरात पळतेय असं वाटतं.

तेलाच्या फिल्टरमुळे होणारा आणखी एक त्रास मी जवळून पाहिला आहे. ओळखीच्या एका गाडीत अचानक ओढ कमी झाली, इंजिनाचा दिवा लागला. फिल्टर धुतल्यावर त्यावर तेल जरा सढळ हाताने मारलं गेलं होतं. ते हवेबरोबर पुढे जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसलं होतं. त्या तापलेल्या तारेवरून किती हवा गेली, यावरून किती डिझेल सोडायचं आणि ईजीआरमधून किती धूर परत इंजिनात फिरवायचा, हे ईसीयू ठरवतो. तारेवर तेलाचा आणि त्यावर धुळीचा थर बसला की मापच चुकतं. सेन्सरच्या खास स्प्रेने साफ केल्यावर गाडी सुधारली. पण ही अडचण गॅरेजपासून दूर, घाटात, अंधार पडताना आली तर काय करणार?

पाण्याची गोष्ट वेगळी. आणि तिथे सगळ्यात धोक्याचा प्रकार म्हणजे मूळ डबा काढून टाकून बॉनेटखाली नुसता उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर लावणं. कंपनीचा डबा हा दिसायला साधा प्लास्टिकचा असतो, पण त्याचं तोंड कुठे असावं, उडालेलं पाणी कुठे थांबावं, तळाला साचलेलं कुठून निथळावं, याचा विचार त्यात केलेला असतो. तो काढला की इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढू लागतं. हवा दहा अंशांनी तापली की साधारण तीन टक्क्यांनी विरळ होते, म्हणजे ज्या ताकदीसाठी हा खटाटोप केला ती उलट घटते. आणि पंख्याने उडवलेलं पाणी थेट फिल्टरवर येतं.

वैतरणेच्या पाणलोटातल्या एका ओढ्यात आमच्या ताफ्यातली जिप्सी अशीच बंद पडली. पाणी गुडघ्याच्या थोडं वर, एरवी सहज निघण्यासारखं. चालवणारा जरा वेगाने उतरला, पुढे उठलेली लाट बॉनेटच्या फटींतून आत गेली आणि इंजिन एका झटक्यात गप्प झालं. आमच्यातला जुना जाणता गडी काठावरूनच ओरडला, ‘सेल्फ मारू नको, चावी काढ!’ त्या एका वाक्याने इंजिन वाचलं. पट्टा लावून जिप्सी मागे ओढली. बॉनेट उघडलं तर कोन फिल्टरमधून पाणी ठिबकत होतं, हाताने दाबला तर धार लागली. चारही प्लग काढले, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि मग सेल्फ मारला. प्लगच्या भोकांतून पाण्याचे फवारे बॉनेटच्याही वर उडाले. पुन्हा मारला, फवारे कमी झाले. मग नुसती वाफ आली. डिपस्टिक काढून पाहिली. ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं. पाइप पुसले, प्लग वाळवून बसवले, गाडी थोडा पांढरा धूर सोडून सुरू झाली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये चारही सिलिंडरचा दाब तपासून घेतला, तोही ठीक भरला.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन जोराने वर आला तर कुठेतरी काहीतरी वाकणार, आणि ते बहुधा कनेक्टिंग रॉड असतं. डिझेलमध्ये दाब जास्त, त्यामुळे नुकसानही मोठं. वर, पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन गेलं, तर साधा विमा बहुधा हात वर करतो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. ते घेतलेलं असो वा नसो, पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही, हे पाठ करून ठेवावं.

तर मग स्नॉर्कल हवाच का? याचं उत्तर शोधताना मला पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा उपयोगी पडली. २०२१ साली आलेल्या गुरखाला स्नॉर्कल कारखान्यातूनच बसवून येतो. कंपनी तिची पाण्यात उतरण्याची मर्यादा ७०० मिलिमीटर सांगते. थारला स्नॉर्कल नाही, आणि तिची सांगितलेली मर्यादा ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडी जास्त. छतापर्यंत नाक नेलेल्या गाडीलाही कंपनी फक्त ५० मिलिमीटर जास्त देते, यातून शिकण्यासारखं बरंच आहे. पाणी फक्त हवेच्या वाटेनेच येत नाही. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही अॅक्सल यांना श्वास घ्यायला ब्रीदर असतात. तापलेला अॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरचं तोंड खाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. वायरिंगचे जोड, दारांची रबरं, पंखा आणि गाडी तरंगून चाकांची पकड सुटणं, हे सगळं स्नॉर्कलच्या आवाक्याबाहेरचं आहे. स्नॉर्कल लावून ब्रीदर जागच्या जागी ठेवणाऱ्यांचा डिफरन्शियल ऑइलऐवजी दुधाळ पाण्यावर चालताना मी पाहिला आहे.

स्नॉर्कलचा माझ्या लेखी खरा फायदा धुळीत आहे. चाकांनी उडवलेल्या धुळीचा दाट थर खाली असतो, छताच्या उंचीवर ती तुलनेने विरळ होते. आमच्या ट्रॅक्टरची मान वर काढलेली असते ती याच कारणाने. फिल्टर कमी भरतो, जास्त टिकतो. वेगामुळे समोरून हवा दाबून भरते आणि ताकद वाढते, असंही सांगतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा तो दाब वातावरणाच्या दाबाच्या पाव टक्काही भरत नाही. त्यासाठी कुणी पैसे घालू नयेत.

आणि स्नॉर्कल बसवायचा तर तो बंदिस्त असला पाहिजे. बाजारात दिसायला हुबेहूब, पण आतून नुसता पोकळ असा मालही मिळतो. आमच्या एका सोबत्याने नवा कोरा स्नॉर्कल बसवून आणला, तेव्हा मिस्त्रींनी साधी परीक्षा घेतली. इंजिन आयडलवर ठेवलं, स्नॉर्कलचं डोकं काढलं आणि पाइपाच्या तोंडावर रबरी पत्रा लावलेली फळी क्षणभर दाबून धरली. हवा फक्त तिथूनच येत असेल तर इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. इंजिन मजेत चालत राहिलं. मिस्त्री म्हणाले, ‘ताई, ही गाडी वरून हवा घेतच नाही.’ डबा खोलला तर फेंडरच्या आतल्या कोपऱ्यात रबरी पाइप अर्धवट चढवलेला, क्लॅम्प तिरका बसलेला, आणि डब्याच्या तळाचं निथळायचं भोक उघडं. पाण्यात उतरला असता तर छतावरच्या नाकाचा काडीचाही उपयोग नव्हता. पाइप नीट चढवून, चांगल्या प्रतीचे क्लॅम्प लावून, भोकाला एकाच बाजूने उघडणारी रबरी झडप बसवल्यावर पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी इंजिन दोन-तीन सेकंदांत बंद पडलं. ही परीक्षा आयडलवरच आणि क्षणभरच घ्यायची, हाताच्या तळव्याने तोंड दाबायचं नाही, आणि इंजिन गुदमरू लागलं की चावी लगेच बंद करायची.

कायद्याची बाजूही पाहून घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रात दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात या कलमावर बोट ठेवलं. फेंडर कापण्याआधी आपल्या आरटीओत विचारावं. वॉरंटी चालू असताना हवेच्या वाटेत केलेला बदल पुढच्या दाव्यात आडवा येऊ शकतो, हेही लक्षात असू द्यावं.

माझ्या गाडीबाबत मी शेवटी असं ठरवलं. फिल्टर आणि डबा कंपनीचाच ठेवला, तो आजही तसाच आहे. वॉरंटी असेपर्यंत स्नॉर्कल लावला नाही. त्या काळात ओढा आधी काठीने मोजून, पायी उतरून पाहायचा, पाणी गुडघ्याच्या वर गेलं की गाडी घालायची नाही, आणि पाण्यात संथ, एका चालीने जायचं, हा नियम पाळला. कंपनीच्या व्यवस्थेने एकदाही दगा दिला नाही. वॉरंटी संपल्यावर, मुख्यतः उन्हाळ्यातल्या ताफ्याच्या धुळीसाठी, स्नॉर्कल बसवला. आरटीओत विचारून, विमा कंपनीला लेखी कळवून. कापलेल्या पत्र्याच्या कडांना प्रायमर आणि रंग मारून घेतला, कारण उघड्या कडेला आमच्याकडच्या पावसात एका हंगामात गंज चढतो. त्याच दिवशी सगळे ब्रीदर पाइप लावून वर नेले. फुफाट्यात स्नॉर्कलचं डोकं मागे वळवते. आणि धुळीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय विसरत नाही : पुढच्या गाडीची धूळ बसेपर्यंत अंतर ठेवायचं.

कागदी फिल्टरची निगाही जाणून घेण्यासारखी आहे. थोडा मळलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा बारीक धूळ जास्त चांगली अडवतो, कारण साचलेली धूळच गाळणीचं काम करू लागते. त्यामुळे दर आठवड्याला फिल्टर काढून कॉम्प्रेसरची हवा मारण्यात शहाणपण नाही. जोराच्या हवेने कागदाला न दिसणारी छिद्रं पडतात आणि दर वेळी डबा उघडताना कडेची धूळ स्वच्छ बाजूला पडते. डबा उघडण्याआधी बाहेरून ओल्या फडक्याने पुसावा, फिल्टरची रबरी कड कुठे चेपली-चिरली नाही ना ते बोट फिरवून पाहावं, आणि धुळीच्या वापरात कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधीच नवा फिल्टर टाकावा. ट्रॅक्टरवर असतो तसा फिल्टर भरल्याचा इंडिकेटर बसवून घेतला तर अंदाजाचं कामच उरत नाही. एकदा पाणी लागलेला कागदी फिल्टर वाळवून पुन्हा वापरू नये. नव्या फिल्टरची किंमत इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्नॉर्कल, उंच ब्रीदर, जोडांवरचं सीलिंग हे सगळं लागतं आणि ते करणारी माणसं आपल्या गाडीचा प्रत्येक क्लॅम्प ओळखून असतात. तुमची-माझी गाडी सोमवारी पुन्हा कामाला जायची असते.

म्हणून नव्या गड्यांना माझं सांगणं इतकंच. धुळीत कंपनीचा कागदी फिल्टर चांगल्या बाहेरच्या फिल्टरलाही भारी आहे, तो बदलू नका. स्नॉर्कल गरज असेल तरच लावा, आणि फळीची परीक्षा घेतल्याशिवाय त्याच्या भरवशावर पाण्यात उतरू नका. ताकदीसाठी यातलं काहीही घेऊ नका. वाचलेले पैसे चांगल्या टायरांवर आणि गाडी चालवायला शिकण्यावर घाला. ओढ्यातून गाडी सुखरूप बाहेर काढायला त्यांचाच जास्त उपयोग होतो.